चौदाव्या रिळाची पंगत

मानवतात एखादा माणूस बोलता बोलता फारच ताणू लागला, की समोरचा म्हणायचा, "बस करा आता, पुढचं रीळ लावू नका." हे बोलणं गावात इतकं मुरलं होतं, की त्याच्या मागे एक जिवंत माणूस आहे आणि तो पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे, हे नव्या पिढीच्या गावीही नव्हतं. ज्याला ते विसरता येत नव्हतं असा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे खुद्द दिनकरराव पिंगळीकर. मोंढ्यातून भाजीची पिशवी घेऊन ते निघालेले असावेत, दोन अनोळखी शेतकरी सरकीच्या भावावरून वाद घालत असावेत, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणावा, "चल, पुढचं रीळ लावू नको!" की दिनकररावांच्या हातातली पिशवी एकदम पाच किलोंनी जड व्हायची.

प्रकरण जुनं होतं. 'पैलतीरची चंद्रा' नावाचा एक सिनेमा होता, अर्थातच काळापांढरा. माणिकरावांच्या टुरिंग टाकीत, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमात, तो दर साली जत्रेला लागे, कारण माणिकरावांकडे मालकीचा असा तेवढाच सिनेमा होता. एक नावाडी, घाटावर फुलं विकणारी चंद्रा, दोघांच्या मधे चंद्राचा खडूस मामा, नऊ गाणी, आणि शेवटी लग्न. पडद्यावर अंतरपाट धरला जाई, मंगलाष्टकं होत, आणि 'सावधान' म्हणताच तंबूतल्या बाया पदराच्या गाठीला बांधून आणलेली हळदीची ज्वारी मुठीमुठीनं पडद्यावर उधळत. लगेच दिवे लागत. आप्रेटर मुंजाजी मशिनीवर फडकं टाकी आणि मानवतकर आपल्याच घरचं कार्य उरकल्याच्या समाधानात धोतरं झटकून उठत. त्या पडद्याला हळदीचे असे डाग पडले होते, की माणिकरावांनी भाड्यानं दुसरा कुठलाही सिनेमा आणला तरी त्यातली नायिका, आणि प्रसंगी खलनायकही, कमरेपर्यंत हळद लागलेलाच दिसे.

दिनकररावांनी मात्र हा सिनेमा एकोणीसशे पंचावन्न साली हैदराबादेत, मामाकडे शिकायला असताना पाहिला होता, आणि तो पूर्ण पाहिला होता. तेराव्या रिळातल्या लग्नानंतर सिनेमा होता, सबंध चौदावं रीळ! लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नदीला पूर येतो, पलीकडे अडकलेल्या माणसांना आणायला नावाडी जातो, तो परत येत नाही. मग चंद्रा डोळे पुसते, नवऱ्याचं वल्हं उचलते, आणि त्याच घाटावर माणसं ऐलपैल करू लागते. तिथं तिचं एक गाणं होतं, 'पाण्यावरती दिवा ठेविला, येईल त्याला नेईन मी'. त्या गाण्याला दिनकरराव थिएटरात रडले होते, आणि शेजारचा अनोळखी माणूसही रडला होता. हे सगळं त्यांनी गावी परतल्यावर जत्रेत, तंबूच्या दाराशी, मोठ्या उमाळ्यानं सांगितलं. माणिकरावांनी शांतपणे ऐकलं, आणि चारशे माणसांदेखत म्हणाले, "पिंगळीकर, लग्न झाल्यावर पिक्चर असतंय का कुठं? तुमचं पुढचं रीळ तुमी घरी जाऊन लावा."

चारशे माणसं हसली. ते हसू एकतीस वर्षं चालू होतं.

आता शहाऐंशी साल होतं. दिनकररावांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि माणसाला या वयात आपल्या आयुष्याची सेवापुस्तिका चाळावीशी वाटते. दिनकररावांनी चाळली. तीत एकच शेरा प्रतिकूल होता, आणि तो खोडल्याशिवाय निवृत्त व्हायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सिनेमाची प्रत मिळवायचा मार्ग बंद होता, कारण ती काढणारी कंपनी कधीच बुडाली होती. तेव्हा एकच उपाय उरला. आठवणीतून सगळा सिनेमा लिहून काढायचा, त्याचं तीन अंकी संगीत नाटक करायचं, आणि तिसरा अंक सबंध मानवताला डोळ्यांनी दाखवायचा.

"अहो, पण लोकांना काय पडलंय त्याचं?" सुमंगलाबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. त्या दिनकररावांच्या पत्नी, आणि चौदाव्या रिळाची गोष्ट लग्नापासून साधारण सहाशे वेळा ऐकलेल्या.

"लोकांना नसेल पडलं. मला पडलंय."

यावर सुमंगलाबाईंनी एक शेंग फोडली, ती पोकळ निघाली, आणि विषय संपला.

नाटक तीन महिन्यांत लिहून झालं. एक मूळ प्रत, दोन नकला, समासात टिपणं. मग ते तपासणीसाठी मुंबईला एका कार्यालयाकडे गेलं, कारण सरकारनं शिक्का मारल्याशिवाय माणसाला रंगमंचावर गाताही येत नाही आणि मरताही येत नाही. तिकडून विचारणा आली, "पृष्ठ एकसष्टवर नायक बुडतो, ती नदी कोणती?" दिनकररावांनी खात्याच्या सवयीनं उत्तर पाठवलं, "नदी काल्पनिक असून तीवर कोणताही प्रकल्प प्रस्तावित नाही." शिक्का मिळाला. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. यष्टी कधी सुटायची, कधी सुटायची नाही. पाच माणसं एका जागी दिसली की फौजदारांची झोप उडायची, आणि इथं तर सहाशे माणसं जमवायची होती. फौजदारांनी परवानगी दिली, पण लाउडस्पीकर साडेसातला बंद, आणि शिक्क्याच्या प्रतीत एक अक्षर इकडचं तिकडं होता कामा नये या अटीवर. "जे कागदावर हाय तेच झालं पाहिजे," ते म्हणाले. "मला कागदाबाहेरचं काहीच नको."

"अगदी मनातलं बोललात," दिनकरराव म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना फार महाग पडणार होतं.

चंद्राच्या कामाला कन्याशाळेच्या विमलबाई मिळाल्या. आवाज खणखणीत, आणि शाळेत पन्नास मुलींना एका नजरेनं बसवण्याची सवय. नावाडी म्हणून मोंढ्यातला मापाडी काशीनाथ. देखणा होता, गात बरा होता, पण टाळी ऐकली की त्याचं भान सुटायचं. काट्यावर मापं मोजतानासुद्धा कोणी 'वा!' म्हटलं तर तो एक माप जास्त टाकी. राहिली नाव. मानवतात नदी नाही, त्यामुळे नाव पाहिलेला सुतार नव्हता. शेवटी गूळ कढवायची एक भली मोठी काहील मागून आणली आणि तिच्या बुडाला चार बेअरिंगं लावली. गोदाकाठची माणसं काहिलीत बसूनच नदी ओलांडतात, त्यामुळे ह्याला कोणी हरकत घेतली नाही. फक्त काशीनाथ आत बसला की ती गोल फिरे, आणि त्याचं विरहाचं गाणं निम्मं प्रेक्षकांना आणि निम्मं पाठीमागच्या पडद्याला ऐकू जाई.

पहिला प्रयोग फेब्रुवारीत, कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात, दुपारी चारला. सहाशे माणसं ताडपत्रीवर मांडी घालून बसली. दोन अंक असे रंगले की दिनकरराव विंगेत उभे राहून मनातल्या मनात सत्काराचं भाषण दुरुस्त करू लागले. लग्नाचा प्रवेश आला. अंतरपाट धरला गेला, 'सावधान' झालं, आणि सहाशे माणसांकडून हळदीच्या ज्वारीचा असा मारा झाला की पेटीवाल्यानं पेटीचं झाकण लावून घेतलं. बाया रांगेनं वर आल्या. त्यांनी विमलबाईंची ओटी भरली, काशीनाथला टॉवेल-टोपी दिली. काशीनाथनं एकावर एक अशा सात टोप्या घातल्या. शेवटी कस्तुराबाई आल्या. गावात कुठलंही लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. त्यांनी विमलबाईंवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "नांदा सौख्यभरे." मग वळल्या, पायऱ्या उतरल्या, आणि पटांगणाच्या फाटकातून बाहेर पडल्या. त्यांच्यामागून सबंध मानवत बाहेर पडलं.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा समोर दोन माणसं होती. एक मंडपवाला, कारण कनाती त्याच्या होत्या. दुसरे एक वृद्ध गृहस्थ, ते झोपले होते.

"करायचा का?" विमलबाईंनी विंगेकडे पाहून विचारलं.

"करायचा," दिनकरराव म्हणाले. पण काशीनाथ कधीच सातही टोप्यांसह हॉटेलात गेला होता.

दुसऱ्या दिवशी माणिकराव आपल्या तेलाच्या दुकानाच्या ओट्यावर बसले होते. व्हिडिओ आल्यापासून तंबू गुंडाळला होता, मुंजाजी आता रिळं जोडण्याऐवजी तेलाचे डबे डागीत होता. दिनकररावांना पाहून माणिकराव म्हणाले, "मस्त झालं बरं का पिंगळीकर नाटक! बिलकुल आमच्या पिक्चरसारखं. जिथं संपतंय तिथंच संपवलं."

"संपलं नव्हतं," दिनकरराव दातांवर दात ठेवून म्हणाले. "तिसरा अंक होता."

"असं का?" माणिकरावांनी मुंजाजीकडे पाहिलं. मुंजाजी डब्याच्या तोंडाकडे फार बारकाईनं पाहू लागला.

सल्ल्यांना मग तोटा राहिला नाही. कोणी म्हणालं, लग्न शेवटी घ्या आणि नवरा आधीच बुडवा. कोणी म्हणालं, फाटकाला कुलूप लावा. हा दुसरा सल्ला दिनकररावांनी स्वीकारला. दुसऱ्या प्रयोगाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः पडद्यापुढे येऊन सूचना वाचली, "लग्न हा नाटकाचा शेवट नसून मध्य आहे, तरी कोणीही उठून जाऊ नये," आणि फाटकाला दोरी बांधली. लोक बसले. नाइलाजानं का होईना, पण बसले. तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, विजेच्या बल्बवर निळा कागद लावून पूर दाखवला, आणि काशीनाथ काहिलीत पाय टाकून म्हणाला, "चंद्रे, जातो मी. पलीकडं माणसं अडकलीत."

"आन् ही कुठं जायची रे?" ताडपत्रीवरून आवाज आला.

कस्तुराबाई उभ्या होत्या. त्या तशाच पायऱ्या चढून वर आल्या आणि त्यांनी काशीनाथचं मनगट धरलं. "तीन दिस झाले न्हाईत लगीन लागून. अंगाची हळद निघाली न्हाई. आन् तू पुरात कुठं जायलायस? दुसरं कुणी न्हाई का गावात जायला?"

"मावशी, नाटक आहे हो!" दिनकरराव विंगेतून ओरडले.

"तुमी गप बसा साहेब! मी वटी भरलीय हिची. माझ्या अक्षता खोट्या करायलाव का तुमी?"

सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्यावर काशीनाथचं जे होत असे ते झालं. त्यानं काहिलीतून पाय काढला, मावशींच्या पाया पडला, आणि गदगदून म्हणाला, "नाही जात, मावशे! पडद्याच्या साक्षीनं सांगतो, नाही जात!" यावर वन्समोअर मिळाला. तो दुसऱ्यांदाही गेला नाही. फाटकाची दोरी कोणीतरी दातांनी सोडली आणि लोक भरल्या मनानं घरी गेले.

"पब्लिकनं थांबवलं, मी काय करू साहेब?" काशीनाथ नंतर म्हणाला. "पब्लिकपुढं पूर काय चीज हाय!"

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून कागद आला. दिनकररावांनी उभ्या हयातीत चांगले कागद पुष्कळ पाहिले होते, पण इतका निखळ कागद पाहिला नव्हता. 'मंजूर संहितेच्या पृष्ठ एकसष्टनुसार मयत असलेला इसम प्रयोगाचे दिवशी अखेरपर्यंत जिवंत होता व त्याने जनतेस नमस्कार केला, अशी तोंडी तक्रार आहे. सबब पुढील प्रयोगात सदर इसमाच्या मृत्यूची पूर्तता करावी, अन्यथा परवाना रद्द समजण्यात येईल. पूर्ततेची खात्री करण्यास हवालदार हजर राहील.'

तोंडी तक्रार कोणाची, हे कागदात नव्हतं. पण कागदाला करडईच्या तेलाचा वास येत होता.

दिनकररावांची आता मोठी चमत्कारिक स्थिती झाली. कायदा म्हणत होता, नवरा मेलाच पाहिजे. गाव म्हणत होतं, मेला तर याद राखा. आणि नवरा म्हणत होता, जिकडं टाळ्या तिकडं आपण. दिनकररावांनी दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी सुमंगलाबाईंनी ताट पुढं सरकवलं आणि सहज म्हणाल्या, "मला एक सांगा, मागच्या महिन्यात सेलूला गेलो होतो लग्नाला, तेव्हा अक्षता पडल्या की लगेच निघालो का आपण?"

"छे! जेवून निघालो."

"आणि पंगतीतून मधेच उठलात?"

"मधेच कसं उठणार? पंगतीतून कोणी..." दिनकरराव थांबले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग पत्नीकडे पाहिलं. सहाशे वेळा ऐकलेली गोष्ट बाईंनी एकदा तरी मन लावून ऐकली होती, हे त्यांना तेव्हा प्रथमच कळलं.

"अक्षता टाकून लोक उठले यात त्यांचं काय चुकलं?" सुमंगलाबाई म्हणाल्या. "तुम्ही लग्न लावता आणि उपाशी ठेवता. उपाशी लोक निघूनच जाणार."

तिसऱ्या प्रयोगाच्या जाहिराती छापल्या नाहीत, पत्रिका छापल्या. वर गणपती, खाली 'चि. सौ. कां. चंद्रा' हिचा विवाह, वैशाखातला गोरज मुहूर्त, स्थळ जिनिंगचं पटांगण. तळाला बारीक अक्षरात टीप होती, 'भोजन व तिसरा अंक एकाच वेळी.' तळाची टीप कोणी वाचत नाही, हा दिनकररावांचा खात्यातला तीस वर्षांचा अनुभव होता. दिनकरराव पहिली पत्रिका घेऊन कस्तुराबाईंकडे गेले. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता कसं रीतसर झालं! आमच्या चंद्राचं लगीन, आन् दोन डाव नुसतं कोरडंच लावलं की वो तुमी." दुसऱ्या दिवसापासून शिधा येऊ लागला. कोणाकडून डाळ, कोणाकडून गहू, एका आडत्याकडून साखरेचं पोतं.

मानपानाचीही अडचण निघाली. माणिकराव रुसले. चंद्रा तीस वर्षं त्यांच्या तंबूत लहानाची मोठी झाली, तेव्हा मुलीकडचे खरे आपण, आणि आपल्याला साधी पत्रिका पोस्टानं आली, असा त्यांचा निरोप आला. सुमंगलाबाई कुंकवाची वाटी आणि फेटा घेऊन स्वतः गेल्या. माणिकराव विरघळले. "पहिल्या पंगतीत बसावं लागेल बरं का," सुमंगलाबाई म्हणाल्या. "मुलीकडचे म्हणून, अगदी मधोमध." माणिकराव म्हणाले, तो तर आमचा मानच आहे.

वैशाखातल्या त्या दिवशी पटांगणात लोक मावेनात. हवालदार संहितेची प्रत मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. सूर्य कलायला आला आणि लग्न लागलं, ज्वारी उडाली, ओट्या भरल्या. लगोलग वाढपी धावले. पळसाच्या पत्रावळी पडल्या, बुंदी पडली, पुऱ्या पडल्या, वांग्याची भाजी पडली. रंगमंचाकडं तोंड करून लांबच लांब रांगा बसल्या. पंगतीचा श्लोक झाला, पहिला घास तोंडात गेला, आणि दिनकररावांनी विंगेतून खूण केली.

तेव्हा कळलं की नाव नाही.

"काहील कुठं आहे?"

"चुलाणावर," आचारी म्हणाला. "भाजी कशात करायची मग? बेअरिंगं काढून ठेवलीत नीट."

दिनकररावांनी काहिलीत डोकावलं. पृष्ठ एकसष्टची नाव गोड्या मसाल्यानं माखली होती आणि तळाला अजून हात दीड हात भाजी होती. आयुष्यात माणसाला काही निर्णय क्षणात घ्यावे लागतात. "पोहत जा," ते काशीनाथला म्हणाले. "आणि हे बघ. टाळी वाजणार नाही. सगळ्यांचे हात खरकटे आहेत."

काशीनाथनं पंगतीकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. आजवर प्रथमच तो कर्तव्य म्हणून मरायला निघाला.

पडदा वर गेला. "चंद्रे, जातो मी," काशीनाथ म्हणाला. कस्तुराबाईंची मान वर झाली. हातात पुरी, पुरीत भाजी. त्यांनी डावीकडं पाहिलं, पंगत. उजवीकडं पाहिलं, पंगत. आपण उठलो तर सहाशे पानं उठणार, सहाशे माणसं अर्धपोटी जाणार, आणि ते पाप मेल्यावरसुद्धा फिटणार नाही. त्या अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "आरं, जाऊ नको रं!" त्या तिथूनच ओरडल्या. दिनकररावांनी भोंग्यातून म्हटलं, "सावकाश होऊ द्या, मंडळी!"

काशीनाथ पोहत पोहत विंगेत गेला. हवालदारानं नियमाप्रमाणे आत येऊन खात्री केली, पान एकसष्टवर पेन्सिलनं बरोबरची खूण केली, आणि 'वाहन: नाही' असा शेरा मारला. मग रंगमंचावर नुसतं एक वल्हं वाहून आलं. म्हणजे दोरीनं ओढलं. विमलबाईंनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं, आणि खाली बसल्या.

पंगत थांबली. कोणी सांगितलं नव्हतं. मरणाची बातमी आली की जसा हातातला घास हातात राहतो, तसा सहाशे माणसांचा घास हातात राहिला. वाढपी बुंदीच्या पराती घेऊन होते तिथंच उभे राहिले. पेटीवाल्यानं सूर धरला, आणि तेवढ्यात दोघा आचाऱ्यांनी घासून पुसून, अजून कोमट असलेली काहील रंगमंचावर आणून ठेवली. विमलबाई तीत उभ्या राहिल्या. काहिलीला बेअरिंगं नव्हती, त्यामुळे ती फिरली नाही. मसाल्याचा वास पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि त्या वासात त्यांनी गाणं म्हटलं. पाण्यावरती दिवा ठेविला, येईल त्याला नेईन मी.

दिनकरराव विंगेत संहितेची मूळ प्रत छातीशी धरून उभे होते. एकतीस वर्षं ते ह्या क्षणाची वाट पाहत होते, आणि क्षण आला तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. मग कस्तुराबाई बसल्या जागेवरून, समोरच्या पत्रावळीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "माणिकराव."

मधोमध, फेटा घालून बसलेले माणिकराव दचकले.

"हे तुमच्या पिक्चरमदी व्हतं का न्हाई? पानावर बसलाव. खोटं बोलू नका."

माणिकरावांनी पानाकडं पाहिलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला असता, पण पंगत होती. "व्हतं," ते म्हणाले. "चारठाण्याच्या जत्रंत जळालं. मशिनीपाशी मीच विडी पेटवली व्हती. पुढच्या गावाला काय दाखवायचं? म्हणून मग लग्नावरच दिवे लावले." मग ते म्हणाले, "मीबी पाहिलं नव्हतं तवापासून."

आता सबंध गाव आपल्याकडं वळून पाहील, अशी दिनकररावांची अपेक्षा होती. त्यासाठी त्यांनी टोपीही सरळ केली. पण गाव विमलबाईंकडं पाहत होतं. कस्तुराबाईंनी आपल्या शेजारी जागा करून एक कोरी पत्रावळ मांडली. "ये पोरी," त्या म्हणाल्या. "चार घास खाऊन घे. सांजच्याला लय माणसं येतील घाटावर." विमलबाई वल्हं घेऊन काहिलीतून उतरल्या आणि पंगतीत जाऊन बसल्या. मग पंगत पुन्हा सुरू झाली. दिनकररावांना वाढायला पळावं लागलं, कारण भात कमी पडत होता.

आठ दिवसांनी ते मोंढ्यातून चालले होते. पिशवी हलकी होती. तेलाच्या दुकानापाशी माणिकराव उभे राहिले, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. दोन शेतकरी, एक हमाल आणि कस्तुराबाई असे सगळे गोळा झाले.

"साहेब," हमाल म्हणाला, "मग पुढं चंद्राचं काय झालं?"

"पुढं काही नाही. तिथं सिनेमा संपतो."

सगळे एकमेकांकडं पाहून हसले. "काय सांगायलाव!" कस्तुराबाई म्हणाल्या. "एवढी कर्ती बाई, आन् तिचं पुढं काहीच न्हाई? सांगा की! आमी काय कुणाला सांगायलो का?"

"अहो मावशी, मी शपथेवर सांगतो, चौदावं रीळ शेवटचं!"

"तेरावं शेवटचं, असं मीबी शपथेवर सांगत व्हतो," माणिकराव नम्रपणे म्हणाले.

मुंजाजीनं डागणी खाली ठेवली. आजवर तो या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. "एक इचारू का साहेब? हैदराबादच्या टाकीतला आप्रेटर विडी पीत न्हवता, हे तुमाला कशावरून ठाऊक?"

दिनकररावांनी चहा तसाच ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी फुलस्केप कागद घेतला, डावीकडं समास मोडला, आणि सिनेमांचा संग्रह जपणाऱ्या पुण्याच्या कचेरीला अर्ज लिहायला घेतला. विषय, 'पैलतीरची चंद्रा या चित्रपटाची एकूण रिळे किती, याबाबत.' एक मूळ प्रत, दोन नकला. सुमंगलाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

"आणि पंधरा निघाली तर हो?"

दिनकररावांनी सही केली, तारीख टाकली आणि टाकाचं निब पुसलं.

"तर काय," ते म्हणाले, "काहील सांगून ठेव."